वेल्डिंगचा उजेड आणि लगतचा माणूस

किरणांपासून धोका म्हटला की आपल्या मनासमोर क्ष-किरणांचे यंत्र उभे राहते. परंतु नाक्यावरच्या ज्या दुकानात खिडक्यांचे गज जोडले जातात, तेथेही दिवसभर किरणांचा वर्षाव चालू असतो. वेल्डिंगच्या लखलखाटात जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण असतात. अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतके बळ त्यांच्यात नसते, म्हणून त्यांस अनायनीकारक म्हणतात. नाव सौम्य आहे खरे. पण 2017 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगमधील याच किरणांची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या कारणांत केली.

माझा एक जुना विद्यार्थी अशा दुकानात हेल्पर म्हणून लागला. वेल्डरच्या हाती काळ्या काचेची ढाल असे. गज धरणारा हा मुलगा नुसते तोंड फिरवून उभा राही. सायंकाळी तो हसतखेळत घरी गेला. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग सुरू झाली, पाणी खळेना, दिव्याकडे पाहवेना. आईने बटाट्याचे काप बांधले. सकाळी तो माझ्याकडे आला तो भावाचा हात धरून.

हा विलंबच फसवा आहे. डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर हे किरण भाजून काढतात, पण वेदना उमटते ती बहुधा सहा ते बारा तासांनी. त्यामुळे दुखण्याचा आणि कामाचा संबंध कोणी जोडीत नाही. एकदोन दिवसांत डोळा बहुधा सुधारतो, आणि मुलगा पुन्हा त्याच जागी उभा राहतो. डोळा बधिर करणारे थेंब मात्र घरी वरचेवर घालू नयेत. त्यांनी जखम भरण्यास उलट वेळ लागतो. डॉक्टरांना दाखवावे हे बरे.

तोंड फिरवल्याने का भागत नाही? चकचकीत पत्र्यावरून आणि भिंतीवरूनही हे किरण परततात, बाजूने डोळ्यांत शिरतात. हेल्परला बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा. जोडाकडे पाहावयाचे असल्यास काळी काचच हवी. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा असावा. अंतर दुप्पट केले की मारा सुमारे चौथाईवर येतो, हे गणित आमच्या वर्गातील मुलेही करतील. पण गज धरणाऱ्याने दूर जावे कसे?

1948 च्या कारखाना कायद्याच्या 35 व्या कलमात काम करणाऱ्याबरोबर कामाच्या अगदी लगत असणाऱ्याच्या डोळ्यांचाही विचार होता. कायदा लिहिणाऱ्यांना तो लगतचा माणूस दिसला होता! मात्र दोन माणसांचे दुकान सामान्यतः त्या कायद्यात बसतच नसे.

मी मालकाशी बोललो. माणूस भला, त्याने ऐकून घेतले. परवा पाहतो तो रस्त्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा लागलेला. आडोशाच्या आत मुलगा गज धरून उभा होता, चष्म्यावाचून.