वर्षअखेरीचा आमचा हिशेब

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त पिशोर येथे महिलांच्या सभेत केलेले भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. शेतात खुरपं आणि घरात पोळपाट, यातच दिवस जातो. पण महिला मंडळाच्या बायांनी आग्रह धरला की, वर्ष संपत आलंय, एका आईनं वर्षाचा हिशेब इथं मांडावा. कापूस-मक्याचा हिशेब मुलांचे वडील मांडतात. आमचा हिशेब लेकरांचा, धम्माचा आणि आमच्याच मनाचा. त्यात जमा आहे, तशी खोटही आहे. आधी खोटच सांगतो.

वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले होते. आम्ही एकही दिवस चुकवला नाही. श्रावणात आमच्या मुलाला ताप भरला. पोरगं सातवीत. दोन दिवस मेडिकलमधली गोळी आणून दिली. चौथ्या दिवशीही ताप उतरेना. तेव्हा ओळखीच्या एका बाईनं सांगितलं, अमुक ठिकाणचा दोरा बांधा, गुण येतो. मुलांचे वडील शेतात होते. आम्ही गुपचूप गेलो, दोरा आणला आणि झोपलेल्या लेकराच्या दंडाला, बाहीच्या आत, बांधला.

भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आम्हाला तोंडपाठ आहेत. दर रविवारी आम्हीच पुढं उभं राहून म्हणतो. आणि त्याच हातांनी दोरा बांधला.

आमची मोठी मुलगी बारावीला आहे. कपाळावरची पट्टी बदलताना तिला दोरा दिसला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, विहारातलं लोकांसाठी आणि हे आपल्यासाठी, असं आहे का?"

काय उत्तर देणार? दोरा आम्हीच काढला. काढताना हात थरथरला, खोटं कशाला बोलावं? वाटलं, काढला आणि लेकराला काही झालं तर? त्याच संध्याकाळी त्याला घेऊन कन्नडला दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. औषध सुरू झालं आणि पोरगं बरं झालं. मुलांचे वडील रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मी घरी असतो तर कदाचित मीच तुला पाठवलं असतं." त्या रात्री आम्हा दोघांनाही कळलं की, प्रतिज्ञा ओठावर होती, पण भीती अजून काळजात होती.

अशा वेळी माता रमाई आठवतात. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, चार लेकरं त्या माऊलीनं गमावली. पाचांपैकी एकटे यशवंतराव राहिले. औषधपाण्याला पैसा नव्हता, आणि २७ मे १९३५ रोजी रमाई स्वतःही गेल्या. त्यांच्या वेळी टायफॉईडवर आजच्यासारखी औषधं निघालेली नव्हती. आज ती आहेत, कन्नडला जायला गाडी आहे. हे असताना आम्ही दोऱ्याकडं गेलो, याची लाज वाटते.

तथागतांनीही आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली आणि संघाला सांगितलं की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. म्हणजे लेकराच्या उशाशी बसून वेळेवर औषध देणं हीसुद्धा वंदनाच झाली, हो की नाही?

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन पितळखोऱ्याला गेलो. आपल्याच कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्यात ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. आपल्यापैकी किती जणी गेल्यात? तिथं दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. पैठणच्या गांधिक कुळातला मितदेव आहे. मगिल नावाचा राजवैद्य आहे आणि त्याची लेक दता हिचंही दान आहे. त्या वैद्याची ओळख आईच्या नावानं दिली आहे: वच्छीचा पुत्र. भन्तेजींनी आधी समजावून सांगितलं होतं, म्हणून आम्हाला एवढं कळलं. आमची मुलगी तिथं बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "आई, बघ, इथं डॉक्टरचं घर आहे, लेकीचं नाव आहे आणि आईचंही नाव आहे."

तिला नर्सिंगला जायचं आहे. पाहुणे आत्तापासून स्थळं सुचवतात. यंदा पहिल्यांदाच आम्ही तोंड उघडून सांगितलं, आधी शिक्षण. ही आमच्या हिशेबातली जमा.

आता पुढच्या वर्षाचं. घरात रोज रात्री ग्रंथाचं एक पान वाचायचं. आम्ही चौथी शिकलेल्या. अडखळत का होईना, आम्हीच वाचू आणि अर्थ लेकरं सांगतील. ताप दोन दिवस राहिला तर तिसरा दिवस उजाडू द्यायचा नाही, दवाखाना गाठायचा. आणि एखाद्या बाईच्या लेकराच्या दंडाला दोरा दिसला तर तिला हसायचं नाही, चारचौघींत बोलायचं नाही. तिच्या घरी जायचं, तिच्याबरोबर दवाखान्यात बसायचं. ती भ्यालेली असते, हे आम्हाला आता ठाऊक आहे.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आहे. नव्या वर्षाची सुरुवात त्या दिवशी लेकीबाळींसह विहारात येऊन करू. काही चुकलं असेल तर पदरात घ्या.

नमो बुद्धाय! जय भीम!