माय नागपूरला गेली नव्हती

(रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलडाणा इथं मायच्या पुण्यानुमोदन सभेत केलेलं भाषण)



मी इथं रडायला उभा नाही. हिशेब मांडायला उभा आहे, आणि पहिली उधारी माझीच आहे.

माय गेली. मृत्यूची नोंद करायला गेलो. कारकुनानं विचारलं, धंदा? मी बोलून गेलो, ‘काही नाही, घरीच असायची.’ बाहेर आलो आणि माझीच मला शरम वाटली.

घरीच असायची म्हणजे काय? पहाटे चारला जातं. मग पाणी. मग चुलीवर ज्वारीच्या भाकरी. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदण, हंगामात कापसाची वेचणी. सांजेला डोक्यावर सरपण. सहा लेकरं, आंधळी सासू, दोन शेळ्या. हे साठ वर्षं. सुट्टी एक दिवस नाही, मजुरी मिळाली ती फक्त रानातली.

सरकारचीही तऱ्हा माझ्यासारखीच. २००१ च्या जनगणनेनं घर सांभाळणाऱ्या सुमारे ३६ कोटी बायांना ‘काम न करणाऱ्या’ ठरवलं. भिकारी, वेश्या, कैदी यांच्या रांगेत बसवलं. २०१० साली सुप्रीम कोर्टानं त्यावर कोरडे ओढले. मायला त्या रांगेची लाज वाटली नसती. ती आपलीच माणसं आहेत. लाज आहे ती ‘काम नाही’ या शब्दांची.

या रोहिणखेडच्या लढाया इतिहासात आहेत. १४३७ ची आहे, १५९० ची आहे. कोण सरदार जिंकला, कोण पडला, सगळं लिहून ठेवलंय. मायची लढाई कुठं लिहिली?

म्हणाल, इतिहास त्यांचा होता. बरं, आपला बघू.

१४ ऑक्टोबर १९५६. घरची माणसं मलकापूर स्टेशनावरून नागपूरला गेली, बुद्धाच्या ओटीत गेली. माय गेली नाही. नवी सून, चौदा वर्षांची. म्हातारी आणि शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या? मंडळी परतली, कोनाड्यातले देव नदीत सोडून आली. रिकामा कोनाडा शेणानं सारवला कुणी? मायनं. ती सांगायची, ‘बाबू, दीक्षा त्यायनं घेतली, घर म्या बदललं.’

पुढं पँथरचे दिवस आले. रात्री-बेरात्री पोरं यायची. बारा-पंधरा जण. माय उठायची, पीठ मळायची, ठेचा वाटायची. त्या बैठकांचे अहवाल माझ्याच हातचे आहेत. परवा काढून वाचले. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, सगळ्यांची नावं आहेत. शेवटी एक ओळ : ‘भोजनाची व्यवस्था करण्यात आली.’

करण्यात आली! कुणी केली? भाकरी काय आभाळातून पडल्या? समतेचा ठराव लिहिणाऱ्या माझ्या हाताला आईचं नाव लिहिता आलं नाही. मनूला शिव्या देत होतो, आणि मनू माझ्याच लेखणीत बसला होता.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाज किती पुढं गेला ते मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथं म्हणाले. आपण कशावरून मोजतो? सभेला किती गाड्या आल्या त्यावरून.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना शोधत घरोघर फिरल्या, तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. ते काम त्या दोघींवर सोडून आपण मोकळे झालो.

मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांनो, मायच्या फोटोला हार घालू नका. घरी जा, आपापल्या आईसमोर बसा. तिला विचारा, तू त्या दिवशी कुठं होतीस? ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा. चळवळीच्या वहीत तिचं नाव घाला.

आणि आजचं जेवण झालं की इथली भांडी बायांनी घासायची नाहीत. बाप्यांनी घासायची. पहिलं पातेलं मी घेतो.

जय भीम!