तेलताड : जमीन नव्हे, उतारा वाढवा

(शेतकरी व शेतमजुरांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)

या शिबिरात तेलताडाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. आपल्या शिवारात सोयाबीन आहे, भुईमूग आहे, कुठे करडई आणि जवस शिल्लक आहे. तेलताड पाहायचा तर गोव्यातल्या काही बागांत जावे लागेल. तरीही या झाडाशी आपली ओळख जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे ऐंशीच्या दशकात ज्यांनी रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन रांगा लावल्या, ते थंडीत गोठणारे ‘रेशनचे पामतेल’ विसरलेले नाहीत. आज त्या नावाने ते तेल फारसे कोणी मागत नाही; परंतु बिस्किटात, फरसाणात, वनस्पती तुपात, साबणात आणि हॉटेलच्या कढईत ते आहेच. २०२३-२४ च्या तेलवर्षात भारताने सुमारे १ कोटी ६० लाख टन खाद्यतेल आयात केले आणि त्यातले सुमारे ९० लाख टन पामतेल होते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल जेव्हा बाहेरून येते, तेव्हा आपल्या सोयाबीनचा भाव आपल्या बाजार समितीत ठरत नाही. तो क्वालालंपूरच्या बाजारात आणि दिल्लीच्या आयातशुल्काच्या अधिसूचनेत ठरतो. म्हणून हा विषय आपला आहे.

तेलताड हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले झाड. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि पुढे वसाहतवादी मळेवाल्यांनी त्यांच्या वंशातून सुमात्रा व मलाया भरून टाकला. आज जगातील पामतेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. या झाडाचा गुण असा की, एका हेक्टरात ते सरासरी तीन टनांहून अधिक तेल देते. सोयाबीन तेवढ्याच जमिनीत जेमतेम अर्धा टन. तेलबियांखालील जगातील जमिनीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जमिनीवर हे झाड जगाच्या वनस्पती तेलाचा सुमारे एक तृतीयांश भाग पुरवते. ‘पामतेलावर बहिष्कार घाला’ असे म्हणणाऱ्या सद्‌भावनेच्या लोकांनी हा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. तेवढेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचे, तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि तीही कुठले तरी जंगल तोडूनच मिळेल.

परंतु गुणी झाडही भांडवलाच्या हाती पडले म्हणजे काय घडते, हे सुमात्रा आणि बोर्निओने पाहिले. जंगले तुटली, आदिवासींच्या सामाईक जमिनी कंपन्यांच्या सनदांखाली गेल्या. हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजत पडलेल्या वनस्पतींचे जाड थर, ज्यांना पीटभूमी म्हणतात, ते चर खणून कोरडे करण्यात आले. कोरडा पीट म्हणजे सरपणच. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. ते नुकसान जागतिक बँकेने सुमारे १६ अब्ज डॉलर धरले. ती सगळीच आग तेलताडासाठी लागली नव्हती, पण तिच्यात तेलताडाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. माणसांची कथाही वेगळी नाही. मलेशियाचे मळे परदेशी मजुरांच्या घामावर चालतात आणि २०२० साली तेथील दोन बड्या कंपन्यांचे तेल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अमेरिकेने आपल्या सीमेवर अडवले.

इथे दोन पक्ष आपल्यापुढे उभे केले जातात. एक म्हणतो, नफा हवा असेल तर जंगलाचे रडगाणे सोडा. दुसरा म्हणतो, जंगल हवे असेल तर शेतकऱ्याने नफ्याचा लोभ सोडावा. माझे म्हणणे असे की, हा वादच खोटा आहे. तेलताडाच्या शेतीत जमीन वाढवण्याची गरज नाही. आहे त्या जमिनीतून निघणारा उतारा वाढवण्याची गरज आहे, आणि वाढलेला उतारा शेतकऱ्याच्या पदरी पडेल अशी व्यवस्था करण्याची गरज आहे. ‘उतारा’ हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो : हेक्टरी घडांचा उतारा आणि घडातून निघणाऱ्या तेलाचा उतारा.

२०२१ साली इंडोनेशियाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे जेवढे उत्पन्न प्रत्यक्षात मिळू शकते, त्याच्या केवळ ६२ टक्के मोठे मळे घेतात आणि लहान शेतकरी ५३ टक्के घेतात, असे त्यात दाखवून दिले आहे. लहान शेतकऱ्यांकडे त्या देशातील तेलताडाचे सुमारे ४० टक्के क्षेत्र आहे. म्हणजे जे तेल नवीन जंगल तोडून काढले जाते, ते आजच्याच बागांत न काढता पडून आहे. ते का निघत नाही? शेतकरी आळशी आहे म्हणून नव्हे.

पहिले कारण बियाणे. तेलताडाची जाड कवचाची एक जात आहे आणि बिनकवचाची एक. दोहोंच्या संकरातून पातळ कवचाचे, भरपूर गराचे फळ मिळते. त्याला टेनेरा म्हणतात आणि आजचा सारा धंदा त्यावर उभा आहे. परंतु गरीब शेतकऱ्याला खात्रीचे रोप परवडत नाही; फिरता विक्रेता जाड कवचाचे रोप टेनेरा म्हणून त्याच्या गळ्यात मारतो. सोयाबीनचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो. तेलताडाचे रोप फसले, तर पंचवीस वर्षे जातात, कारण झाडाचे आयुष्य तेवढे आहे आणि फसवणूक कळते ती तीन-चार वर्षांनी फळ धरल्यावर. दुसरे कारण खत. हे झाड जमिनीतून पालाश अफाट उचलते; खताला पैसा नसला की, घड लहान होत जातात. तिसरे कारण तोडणी आणि रस्ता. घड पिकल्याची खूण म्हणजे गळून पडलेली फळे. कच्चा घड तोडला तर तेल भरलेले नसते. उशीर केला तर फळे मातीत जातात. आणि तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गिरणीत गेला नाही, तर तेलात आम्ल वाढू लागते. ऊस तोडून फडात वाळत ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. घडाचे तसेच आहे, किंबहुना त्याहून वाईट.

आता पर्यावरणाचे उपाय पाहा आणि त्यातला प्रत्येक उपाय शेतकऱ्याचा खर्च कमी करतो की वाढवतो, ते तपासा. एका झाडाच्या वीसहून अधिक झावळ्या दरवर्षी छाटल्या जातात; त्या जाळल्या तर धूर, ओळींमधून रचून ठेवल्या तर आच्छादन आणि खत. फळे काढून घेतल्यावर गिरणीत उरणारा रिकामा घड वजनाने मूळ घडाच्या पाचव्या हिश्श्याइतका असतो आणि त्यात पालाश भरपूर. तो बागेत परत आला, तर विकतचे खत तितके कमी लागते. गिरणीच्या सांडपाण्याच्या उघड्या तळ्यांतून मिथेन वायू हवेत जातो. तीच तळी झाकली तर तो जळण म्हणून वापरता येतो. मलेशियात उंदरांसाठी विषाऐवजी बागेत घरट्यांच्या पेट्या टांगून गव्हाणी घुबडे वसवली गेली. तेथे परागीभवन पूर्वी मजुरांकडून हाताने करून घ्यावे लागे. १९८१ साली आफ्रिकेतील कॅमेरूनहून एक लहानसा भुंगा आणून सोडण्यात आला आणि ते काम तो फुकट करू लागला. १९८५ साली तो केरळातही आणला गेला. ज्या बागेत कीटकनाशकाचा बेसुमार फवारा बसतो, त्या बागेचा मालक आपल्याच बिनपगारी मजुराला मारतो. आंध्रातील गोदावरीकाठच्या शेतकऱ्यांनी तेलताडाच्या सावलीत कोको लावून त्याच जमिनीतून दुसरे उत्पन्न उभे केले. यांतला कुठला उपाय नफ्याच्या विरोधात आहे?

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण झाड शेतकऱ्याचे असते आणि गिरणी त्याची नसते. रिकामा घड परत द्यायचा की जाळायचा, हे गिरणी ठरवते. काटा गिरणीचा, प्रयोगशाळा गिरणीची, उताऱ्याचा आकडा गिरणीचा. चोवीस तासांचे बंधन असल्यामुळे शेतकरी माल घरी ठेवून भाव मागू शकत नाही. त्यात कायदा भर घालतो. आंध्र प्रदेशाचा १९९३ चा तेलताड कायदा प्रत्येक गिरणीला क्षेत्र नेमून देतो. त्या क्षेत्रातला माल त्याच गिरणीला घालावा लागतो. आपल्या ऊस उत्पादकाला झोनबंदी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मलेशियाचा दाखला घ्या. १९५६ साली तेथे फेल्डा ही सरकारी संस्था भूमिहीनांना जमीन देऊन वसवण्यासाठी स्थापन झाली. एक लाखाहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे चार हेक्टर जमीन मिळाली आणि त्यांचे दारिद्र्य हटले, हे मान्य केले पाहिजे. पण गिरण्या वसाहतकऱ्यांच्या हाती आल्या नाहीत. उताऱ्याच्या प्रतवारीत आपल्याला लुबाडले गेले, म्हणून त्याच वसाहतकऱ्यांना न्यायालयात जावे लागले. पुढे २०१२ साली फेल्डाच्या कंपनीचे भाग बाजारात काढले गेले आणि काही वर्षांत त्यांचा भाव निम्म्याहून खाली घसरला. आपल्याकडे तेलंगणात तेलबिया उत्पादकांच्या सहकारी महासंघाची गिरणी अश्वारावपेटला आहे. तिच्या उताऱ्याचा आकडा पुढे ठेवून शेजारच्या आंध्रातील शेतकऱ्यांनी ‘आम्हालाही त्याच उताऱ्याने दर द्या’ अशी मागणी केली आणि ती सरकारला मान्य करावी लागली. एक सहकारी काटा खरा असला, तर शंभर खाजगी काट्यांना जाब विचारता येतो, तो असा.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर केले. त्यातले काही चांगले आहे : रोपांचे साहाय्य हेक्टरी १२ हजारांवरून २९ हजार रुपये झाले आणि दर घसरला तर फरक देण्याची तरतूद झाली. परंतु अभियानाच्या सूत्रात घडाचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या १४.३ टक्के धरला आहे. म्हणजे एक टन घडांमागे शेतकऱ्याला १४३ किलो तेलाची किंमत. गिरणीने त्याच टनातून १९० किलो तेल काढले, तर उरलेले ४७ किलो आणि वर बीजाचे तेल गिरणीकडे राहते. तिचा खर्च आहे हे खरे. पण तो खर्च किती, हे शेतकऱ्यापुढे मांडले गेले पाहिजे. आणि शेतकऱ्याने उत्तम घड आणून उतारा वाढवला, तर त्या वाढीचा वाटा त्याला मिळाला पाहिजे. एरवी त्याने उत्तम घड आणावाच का?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. साडेसहा लाख हेक्टर नव्या लागवडीपैकी ३ लाख २८ हजार हेक्टरांचे उद्दिष्ट ईशान्य भारताला दिले आहे. जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मिझोराममधील अभ्यासात असे दिसले की, ज्या झूम शेतीला आपण मागास म्हणून हिणवतो, तिच्या परिसरात वनपक्षी तेलताडाच्या मळ्यापेक्षा अधिक टिकतात. डोंगरउतारावर रस्ता नाही, गिरणी दूर, चोवीस तासांत घड पोचत नाहीत. तिथे शेतकऱ्याचा नफाही नाही आणि जंगलही नाही. शिवाय पंचवीस वर्षांचे झाड लावले की, गावाची सामाईक जमीन हळूहळू एका कुटुंबाची होऊन बसते.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला दोनशे लिटरांहून अधिक पाणी लागते. हेक्टरी १४३ झाडे धरली, तर रोज सुमारे तीस हजार लिटर. भातापेक्षा हे कमी आहे, असे सांगितले जाते. भाताच्या खाचरात तेलताड लावला तर ते खरे आहे. कोरडवाहू रानात कूपनलिका पाडून लावला तर ते खरे नाही. म्हणून ठिबकाशिवाय आणि भूजलाचा हिशेब केल्याशिवाय नव्या लागवडीला पैसा देऊ नये.

राहिला भावाचा प्रश्न. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ वर आणले. नऊ महिन्यांत दोनदा दिशा बदलणाऱ्या धोरणावर पंचवीस वर्षांचे झाड कोणी लावावे, आणि हमीभावाखाली सोयाबीन विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने तरी कशाच्या भरवशावर पेरावे? तेल महाग झाले की, गरिबाच्या घरची फोडणी आधी आटते, हे मी विसरत नाही. पण त्या गरिबाला स्वस्त तेल द्यायचे, तर ते रेशनवर सरकारने आपल्या खर्चाने द्यावे; शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे.

तेव्हा आपल्या मागण्या मोजक्या असाव्यात. जंगल, झूमचे डोंगर आणि सामाईक जमीन यांवर नवी लागवड नको. आहे त्या बागांच्या पुनर्लागवडीला आणि खात्रीच्या रोपांना आधी पैसा द्या. गिरण्यांत उत्पादकांची भागीदारी हवी आणि काटा व प्रयोगशाळा यांवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींची देखरेख हवी. रिकामा घड बागेत परत येण्याची अट गिरणीच्या परवान्यातच घाला. आणि उंच झाडावर लांब बांबूला कोयता बांधून घड तोडणाऱ्या मजुराचा दर, वाढलेल्या उताऱ्याच्या हिशेबात धरा. घड पिकला की नाही, हे शेवटी त्याचीच नजर ठरवते.

मित्रहो, ऊस उत्पादकाने काटा, उतारा आणि झोन हे तीन शब्द शिकायला दोन पिढ्या घालवल्या. तेलताडाचा शेतकरी आज त्याच शाळेच्या पहिल्या इयत्तेत बसला आहे. आपण शिकलेला धडा त्याला सांगितला, तर त्याची पिढी वाचेल आणि त्याच्याबरोबर थोडे जंगलही वाचेल.