हूटर थांबल्यानंतर
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



व्याख्यान देण्याइतका मी विद्वान नाही. डिप्लोमा करून रेल्वेत चिकटलो, नागपूरहून इकडे आलो आणि २२ वर्षे डबे-वाघिणींतच गेली. पण चिटणीसांनी "अनुभवाचं बोला" म्हटल्यावर नाही म्हणता येईना.

कॉलनीत हूटर सगळ्यांनाच माहीत आहे. अपघात मदत गाडी दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांत सुटली पाहिजे, असा नियम. ताटावरून उठून धावायचे. या वेळेची नोंद होते. परत आलेला माणूस किती दिवसांनी नीट झोपला, त्याचे रजिस्टर कुठेच नसते.

एका अपघातात आम्ही सलग दोन रात्री डबे कापत होतो. कोणता, ते सांगत नाही. काम करताना काही वाटत नाही, हे खरे. जॅक कुठे लावायचा, डबा कुठल्या बाजूला कलंडेल, एवढेच डोक्यात. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. पंधरा दिवसांनी मुलीची पिवळी पाण्याची बाटली पाहिली आणि हात कापू लागले. तशीच एक मी बाकाखालून काढली होती. मग रात्री न वाजलेला हूटर ऐकू येऊ लागला. सौ. म्हणायची, "अहो, काही वाजलेलं नाही." मी तिच्यावरच ओरडायचो. (ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. माफी आज मागतो.)

वाटले, आपणच कच्चे. पुढे २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला तो भीषण अपघात झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी काही दिवसांतच जाहीरपणे सांगितले, की तिथे राबलेल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्ताचा भास होतो, दुसऱ्याची भूकच गेली आहे. ती बातमी कापून मी पाकिटात ठेवली. एवढे तयार जवान, आणि त्यांचा सर्वोच्च अधिकारी हे चारचौघांत सांगतो!

मग मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावले, त्याला आमच्या भाषेत ब्रेक बाइंडिंग म्हणतात. ड्रायव्हरने ब्रेक सोडला तरी ब्लॉक चाकाला चिकटलेलाच. गाडी चालते, चाक तापत जाते.

२०२०-२१ मध्ये आपल्यातल्या परिचारिका भगिनींनी हे महिनोन्महिने सोसले. आमच्या तर दोनच रात्री होत्या. शेजाऱ्यांना एक विनंती. परतलेल्याला "किती गेले हो?" असे विचारू नका. झोपू द्या, जेवू घाला. जबरदस्तीने बोलते करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही आहे. फारच झाले तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट. नाव गुप्त राहते का, वरच्यांना कळते का, हे मला खूप जण हळूच विचारतात. फोन घरून करा, ड्यूटीवरून नको, एवढेच सांगतो.

आमच्या गँगने आता एक रिवाज पाडला आहे. गाडी परतली की कुणी लगेच घरी जात नाही. शेडमध्ये चहा होतो. बोलायचे त्याने बोलावे. मागच्या खेपेला एक खलाशी तासभर फक्त क्रेनच्या हूकविषयी बोलत राहिला. आम्ही ऐकत होतो. चहा दोनदा झाला.