फ्रेंच भाषेचा मुलूख



फ्रेंच कुठे बोलतात, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात 'फ्रान्समध्ये' म्हणतात. उत्तर चूक नाही, पण फार अपुरे आहे. 2022 सालच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 32 कोटी लोकांना फ्रेंच येते, आणि खुद्द फ्रान्सची वस्ती सात कोटींच्या आत आहे. मग बाकीचे कुठले? काही बेल्जियम, स्वित्झर्लंडचे, काही कॅनडातील क्वेबेक प्रांताचे. पण निम्म्याहून अधिक आफ्रिकेतले. आपल्या देशातही पाँडिचेरीचा कारभार 1954 पर्यंत फ्रेंचांकडेच होता.

पण आज मला तुम्हांला हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर न्यायचे आहे, कारण तिथे आपली माणसे आहेत. हे बेट 1715 मध्ये फ्रेंचांनी घेतले. 1810 मध्ये इंग्रजांनी ते जिंकले, परंतु तिथल्या लोकांचे कायदे आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले. उसाचे मळेवाले फ्रेंच होते, ते तिथेच राहिले. कचेरीत इंग्रजी आली खरी, पण वाड्यांतली फ्रेंच हलली नाही. आणि मळ्यात? तिथे आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेल्या गुलामांनी धन्याच्या फ्रेंचमधून आपली एक वेगळी बोली घडवली होती. तिला क्रिओल म्हणतात.

गुलामगिरी उठली तसे 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती. बहुतेक कोकणातली, आपल्या मराठवाड्यातली नव्हेत. पण ऊसतोडीला मुलूख सोडून जाणे म्हणजे काय, ते तुम्हांला मी सांगायला नको. क्रिओल ते वर्गात शिकले नाहीत, उसाच्या फडातच शिकले. फ्रेंचमध्ये पावसाला 'प्लुई' म्हणतात आणि त्यामागे 'ला' लावतात. क्रिओलमध्ये दोन्ही चिकटून 'लापली' झाले. पाण्याला तसेच 'दिलो'. मूळ फ्रेंच, पण पॅरिसच्या माणसाला ऐकताना अडखळायला लावणारे!

आपल्याला याचे नवल वाटू नये. 1948 पर्यंत, निजामाच्या राज्यात, हिंगोलीचा सरकारी कागद उर्दूत निघत असे. घरात मात्र मराठी, तांड्यावर गोरमाटी, बाजारात दखनी. त्या काळी कुणी 'उर्दू कुठे बोलतात' असा नकाशा काढला असता, तर हिंगोलीला रंग द्यायचा की नाही? कचेरी पाहिली तर द्यावा लागेल, चूल पाहिली तर नाही.

मॉरिशस 1968 मध्ये स्वतंत्र झाले. आजही तिथली प्रमुख वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये निघतात, विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, आणि बहुतेक घरांत क्रिओल चालते, मराठी घरांतही. शाळेत मराठी विषय घेता येतो; मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती पुढेही शिकवतात. गणेशचतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आरती मराठीत होते, आणि ती संपल्यावर तहानलेले पोर आजीकडे 'दिलो' मागते.

या बेटाला कोणता रंग द्यायचा, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना विचारतो. अजून साऱ्या वर्गाचे एकमत झालेले नाही.