पंधरा दिवसांचे डॉक्टर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टरकीवर ही काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या गेली अकरा वर्षे सरकारी दवाखान्यात थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या डॉक्टरांना दिलेल्या आहेत. कायमचे डॉक्टर रजेवर गेले किंवा जागा रिकामी पडली, की कोणी पंधरा दिवस येते, कोणी महिनाभर. त्यांचे दोन्ही वेळचे जेवण माझ्याकडे. त्यामुळे कोण गावाच्या उपयोगी पडले आणि कोण नुसते दिवस मोजून गेले, हे मी वाढता वाढता पाहिले आहे.

अशा डॉक्टरला 'लोकम' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'जागा धरणारा', असे एका डॉक्टरांनी मला सांगितले. मला हसूच आले. जागा तर आपण एस.टी.त रुमाल टाकूनही धरतो! मग रुमालात आणि डॉक्टरात फरक कोणता, तेवढेच मला आज सांगावयाचे आहे.

नवा डॉक्टर पहिल्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी सिस्टरांबरोबर दवाखाना फिरून आला, की मी समजते, हा निभावून नेणार. ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत का, १०८ची गाडी यायला किती वेळ लागतो, अडलेली बाळंतीण कुठे पाठवायची, हे त्याने त्याच दिवशी विचारावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन असते. पण रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली सापडली नाही, तर ते असून नसल्यासारखेच. सिस्टर आणि शिपाई वर्षानुवर्षे तिथे असतात. त्यांना मान दिला, तर पंधरा दिवसांच्या माणसालाही त्यांच्या माहितीचा आधार मिळतो.

दुसरी गोष्ट बोलीची. आमच्याकडची बाई 'अंगावरून जाते' एवढेच सांगते. लाल की पांढरे, किती दिवसांपासून, हे तिला धीर देऊन विचारावे लागते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धाच्या दिवसांत चीनला गेले. तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. ते परमुलखात चिनी शिकले. मग आपल्याच जिल्ह्यातली बोली समजून घ्यायला आपल्या डॉक्टरांना काय जड आहे?

तिसरी गोष्ट माझ्या घरातली. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना घेरी येऊ लागली. पाय सुजले. एकदा न्हाणीघरात पडल्या. हाड मोडले नाही, हे नशीब. त्या वेळी एक डॉक्टरीणबाई पंचवीस दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांनी नवे औषध लिहून दिले नाही. म्हणाल्या, "आजी, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या." सासूबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. डॉक्टरीणबाईंनी एकेक पाकीट उजेडात धरून बारीक अक्षरे वाचली. दोन पाकिटांची नावे निराळी, कंपन्या निराळ्या. पण आतले औषध एकच, रक्तदाबावरचे अ‍ॅम्लोडिपिन! एक गोळी एका डॉक्टरांनी दिलेली, दुसरी त्यांच्यानंतरच्यांनी, पहिली न पाहता. सासूबाई दोन्ही नेमाने घेत होत्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, एक पाकीट बंद केले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले. आठवड्याभरात घेरी थांबली, सूजही उतरू लागली.

यात दोन गोष्टी मला मोठ्या वाटल्या. आधीच्या डॉक्टरांबद्दल त्यांनी वावगा शब्द काढला नाही. रोग्याचा दवाखान्यावरचा विश्वास त्यांनी मोडला नाही. आणि शंभर पानी वहीत त्यांनी सारे लिहून ठेवले: कोणती गोळी चालू, कोणती बंद, का बंद, रक्तदाब पुन्हा केव्हा मोजावा. अशाच नोंदी त्यांनी आणखी कितीतरी रोग्यांच्या केल्या. त्या गेल्या, नवे डॉक्टर आले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्या वाचल्या. सासूबाई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

माझ्या मते थोड्या दिवसांच्या डॉक्टरचे यश तो असताना किती गर्दी झाली यावर मोजू नये. तो गेल्यावर मागच्याचे काम अडले नाही, हे त्याचे यश.

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणाची मुलगी, सून डॉक्टर असेल, तर तिला हे जरूर सांगा. आणि आपणही एक काम करू या. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक वही करू या. दवाखान्यात जाताना ती वही आणि सगळी पाकिटे बरोबर नेऊ या. डॉक्टर बदलत राहतील. रोगी आपल्या घरचा आहे.