सोने कोठून आले?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या पूर्तीला आपण सुवर्णमहोत्सव म्हणतो. म्हणून आज सोन्याविषयीच चार शब्द बोलावेत, असे मनात आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, धंद्याने कापड व्यापारी. सराफीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि गतवर्षी नातीच्या विवाहानिमित्त दागिना घडविताना जो अनुभव आला, तो आपल्यासमोर ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

तयार हार न घेता घरचे जुने सोने मोडून सोनाराच्या हातून आपल्या पसंतीचा हार घडवावा, अशी नातीची इच्छा होती. मला हा विचार पटला. जगातील अनेक लहान खाणींत सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात. तो नदीत उतरतो, जलचरांत जातो आणि मजुराच्या शरीरात भिनतो. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला, तरी हा वापर थांबलेला नाही. घरचे सोने मात्र निर्दोष, अशा समाधानात मी मातोश्रींच्या पेटीतील एकदाणी आणि पत्नीच्या पाटल्या घेऊन आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो.

त्या वृद्ध कारागिराने एकदाणी हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली. तो म्हणाला, "सेठजी, पाटल्या तुमच्या घरच्या आहेत. ही एकदाणी मात्र शेतकऱ्याच्या घरची घडण आहे. मणी पोकळ, आत लाख भरलेली. मोडायची असेल तर आधी लाख जाळावी लागेल. पण ही तुमच्याकडे आली कशी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी येऊन माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. संवत २०२२, म्हणजे सन १९६५-६६ च्या वहीत नोंद सापडली. १९६५ साली देशभर पावसाने दगा दिला होता आणि आपल्या भागात धान हेच पोटाचे व पैशाचे साधन. जवळच्या एका गावच्या शेतकऱ्याने ३१ मण्यांची, सव्वादोन तोळ्यांची एकदाणी गहाण ठेवून शंभर रुपये नेले होते. पुढे व्याज चढले, मुदत सरली आणि 'घरखाती जमा' असा शेरा पडला. वडिलांजवळ सावकारीचा परवाना होता. व्यवहारात बेकायदेशीर काहीही नव्हते. पण मातोश्रींनी ती एकदाणी फारशी घातल्याचे मला आठवत नाही. त्याचे कारण मी त्यांना कधी विचारले नाही, याची आज खंत वाटते.

घरात मतभेद झाले. बंधू म्हणाले, "साठ वर्षांपूर्वीचा व्यवहार. कायद्याने वस्तू आपली. आजच्या भावाने ही रक्कम लाखांत जाते." त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, ते मला स्वस्थ बसू देईनात. चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे, भेसळ करणे. पैकी आपल्या हातून काहीच घडले नाही, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. तरी नातीच्या गळ्यात दुसऱ्या घरची लाचारी घालण्यास मन धजेना.

मी त्या गावी गेलो. शेतकरी निवर्तला होता. त्याची वृद्ध पत्नी मुलाकडे होती. मी तिच्या हातात एकदाणी ठेवली. तिची दृष्टी अधू झालेली. तिने बोटांनी एकेक मणी मोजला आणि म्हणाली, "एक मणी कमी हाये, सेठजी. माह्या सासूनं घातली तवा एकतीस होते."

मला मान वर करवेना.

सोनाराकडे परतून मी बोटातली अंगठी दिली आणि तेवढाच एक मणी घडविण्यास सांगितले. आपल्याकडे पळसावर होणारी लाख किड्यांपासून मिळते. लाखेचा व्यापार आपल्या परंपरेने पंधरा कर्मादानांत गणला आहे. म्हणून मणी भरीव करावा, अशी विनंती केली. त्याने मुशीत सोने वितळविले, ठोकले, घासले, भोक पाडले आणि जुन्या मण्यांच्या रंगाशी मिळेपर्यंत उजळले. घडणावळ घेण्यास त्याने नकार दिला. मी आग्रहाने दिली, कारण कारागिराचा घाम हेही फुकट घेऊ नये असे द्रव्य आहे.

म्हातारीने नवा मणी बोटांत धरला. "हा जड हाये."

मी म्हणालो, "माय, इतकी वर्षे तुझी वस्तू आम्ही ठेवली, त्याचे ते व्याज."

तिने मुलाला हाक मारून शंभर रुपये आणविले आणि मुद्दल म्हणून माझ्या हातात ठेवले. मी घेतले. न घेणे हा तिचा अपमान झाला असता. वहीतले ते खाते मी त्या दिवशी स्वहस्ते बंद केले.

नातीचा हार केवळ पाटल्यांच्या सोन्यात झाला. ठरवल्यापेक्षा तो बराच हलका आहे. तिने सारे ऐकून घेतले आणि तोच लग्नात घातला.

बंधू-भगिनींनो, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क बंधनकारक झाला. ९१६ हा आकडा पाहिला की सोने २२ कॅरेटचे आहे, हे समजते. हिऱ्यांसाठी २००३ पासून किंबर्ले प्रमाणपत्राची पद्धत आहे. युद्धासाठी विकल्या जाणाऱ्या खड्यांना तिने आळा घालावा, ही अपेक्षा. या व्यवस्था आवश्यकच आहेत. पण हॉलमार्क शुद्धता सांगतो, पूर्वेतिहास सांगत नाही. तो आपल्या वह्यांत असतो. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या गुणांची गणना न्यायसंपन्न वैभवापासून केली आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशा वह्या असतील. दागिना मोडण्यापूर्वी एकदा त्या उघडून पाहाव्यात, एवढीच नम्र विनंती. माझ्या कुळाकडून कळत-नकळत ज्यांचे मन दुखावले असेल, त्या सर्वांना मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!